तो फॉर्म भरला कोणी?

कौटुंबिक न्यायालयात नव्यानं काम करणाऱ्यांना एसडीक्यू, म्हणजे मुलाच्या वागण्यातल्या आणि भावनांमधल्या अडचणी मोजणारा फॉर्म, कसा वापरायचा ते मी सांगत बसत नाही, एम.ए.ला तुम्ही ते शिकला आहात. मला ठेच लागली तेवढंच सांगते.

कोल्हापुरातलं माझं सुरुवातीचंच प्रकरण. नऊ वर्षांचा मुलगा, ताब्याचा वाद. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १२ प्रमाणे न्यायालय जाणकारांची मदत घेऊ शकतं, तशी मी त्यात होते. मूल आईकडं राहायचं, पण सुट्टीत वडिलांकडं होतं, म्हणून त्या तारखेला तेच घेऊन आले. आई आल्या नाहीत. माझ्या वरिष्ठांचं ठरलेलं वाक्य होतं, "आहे त्याच्याकडून भरून घे." घेतला. अडचणींची बेरीज आली १९. पालकांच्या फॉर्मवर १७ पासून पुढं सगळ्यात चिंतेचा पट्टा. 'मुलाचा स्कोअर असामान्य' असं मी अहवालात लिहून मोकळी झाले.

पुढच्या तारखेला वडिलांच्या वकिलांनी तेच वाक्य वाचलं: "आईजवळ राहून मुलाची ही अवस्था!" माझे हातपाय गार पडले. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "फॉर्म भरला कोणी?"

नंतर आईंनी भरला. बेरीज ९. मुलगा तोच.

इथं नीट थांबा. फॉर्म विचारतो गेल्या सहा महिन्यांबद्दल. वडिलांना मूल दिसायचं एक रविवार सोडून एक. पोट दुखतं का, चिकटून राहतो का, रडवेला होतो का, हे प्रश्न त्यात आहेतच. आणि दोन घरांमधल्या ताटातुटीच्या दिवशी कुठलं मूल चिकटून राहत नाही? वडील खोटं बोलत नव्हते, त्यांनी त्यांचे रविवार लिहिले. कुणी मुद्दाम वाढवून लिहिलं तरी ते पकडायची सोय या फॉर्ममध्ये नाही. मुलानं स्वतः भरायचा फॉर्म ११ वर्षांपासून पुढं, म्हणजे त्या कागदावर त्याचा आवाजच नव्हता.

आता मी दोन्ही पालकांचे आकडे शेजारी-शेजारी मांडते, आणि सहा महिन्यांत मूल कुणाकडं किती दिवस होतं तेही. न्यायालयाच्या परवानगीनं शिक्षकांचाही फॉर्म घेते, फक्त त्याचा वरचा पट्टा १६ पासून लागतो, पालकांचे आकडे तिथं लावू नका. ॲपवर बेरीज काढायला माझा सक्त विरोध आहे. पाच प्रश्न उलटे मोजावे लागतात, म्हणजे तिथं 'अगदी खरं'ला शून्य. हातानं मोजलं की प्रत्येक उत्तर डोळ्यांखालून जातं. आणि "भरून घे" म्हणणाऱ्या वरिष्ठाची सही तुमच्या अहवालावर नसते.

चूक झालीच तर लपवू नका, घाबरूही नका. मी पुरवणी अहवाल दिला, तो घेतला गेला. त्याआधी व्हरांड्यातल्या बाकावर मुलाजवळ बसून विचारलं, शाळेत पोट दुखतं का रे?

"शाळेत न्हाई दुखत. रविवारी दुखतंय."

पुरवणी अहवालात हे वाक्य मी त्याच्याच शब्दांत लिहिलं, दोन्ही बेरजांच्या वर.