नवा नेता, तोंडावर आलेली निवडणूक आणि रोजचे पोल: लोकांचं मत खरंच कुठे चाललंय ते कसं ओळखायचं

पक्षाला नवा नेता मिळाला, तोच पंतप्रधान झाला आणि महिन्याभरात निवडणूक लागली की लोकांचं मत ओळखणं फार अवघड होतं, कारण लोकांनी त्या माणसाला अजून नीट पाहिलेलंच नसतं आणि पोलवाले मात्र रोज आकडा काढत असतात. कॅनडात २०२५ ला हेच झालं. ६ जानेवारीला लिबरल पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी पद सोडणार म्हणून सांगितलं तेव्हा विरोधातला काँझर्वेटिव्ह पक्ष पोलमध्ये २० पॉइंटच्या वर पुढे होता, ९ मार्चला मार्क कार्नी लिबरल पक्षाचे नेते झाले, १४ ला शपथ, २३ ला निवडणूक जाहीर आणि २८ एप्रिलला मतदान. त्या काळात टोरंटोकडच्या मराठी ग्रुपांवर रोज कुणीतरी एक स्क्रीनशॉट टाकायचं आणि त्यावरून दिवसभर वाद. एक आकडा बघून भांडण्यापेक्षा पोल नीट वाचायला शिकणं फार सोपं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरणं कॅनडाची आहेत पण पद्धत कुठेही चालेल.

सगळ्यात आधी तारीख बघा, आणि ती पण बातमीची नाही, लोकांना प्रश्न कधी विचारले ती. नॅनोससारख्या पोल कंपन्या तीन दिवसांची फिरती सरासरी देतात, म्हणजे रोज जुना एक दिवस गळतो आणि नवा एक येतो. तेव्हा १६ एप्रिलला पक्षनेत्यांची फ्रेंच डिबेट झाली, १७ ला इंग्लिश झाली, आणि १८ ला सकाळी आकडा आला तर त्यात डिबेटच्या आधीची माणसंही आहेत. डिबेटचा परिणाम बघायचा असेल तर निदान तीन दिवस थांबायचं, त्याआधी "काहीच फरक पडला नाही" असं म्हणण्यात अर्थ नाही.

मग प्रश्न काय विचारलाय ते वाचा. जानेवारी फेब्रुवारीत बरेच पोल "कार्नी नेते झाले तर तुम्ही कुणाला मत द्याल" असे होते. असल्या जर-तरच्या प्रश्नाला दिशा कळण्यापुरतंच महत्त्व द्या. तसंच "पंतप्रधान म्हणून कोण चांगला" आणि "तुमच्या मतदारसंघात कुणाला मत देणार" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक बिनधास्त दोन वेगळी उत्तरं देतात. नवा नेता पहिल्या प्रश्नात पक्षाच्या बराच पुढे असतो. तो पुढे असताना पक्ष त्याच्या मागोमाग वर येतोय का हे बघायचं, येत नसेल तर ती लाट नाही, नुसतं कुतूहल आहे. आणि नेता आवडतो की नाही या तक्त्यात "माहीत नाही, सांगता येत नाही" हा रकाना असतो ना, तो नव्या नेत्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. विरोधकांच्या जाहिराती त्याच लोकांसाठी असतात. तो रकाना आठवड्याआठवड्याला कमी होताना आवडणारे वाढतात का न आवडणारे, ते लिहून ठेवा.

आता खरी गोष्ट. नुसती आघाडी बघू नका, मतं कुठून आली ते बघा. माझ्या मते सगळ्या वाचनातला हा मुख्य भाग आहे आणि लोक हाच सोडून देतात. कार्नी आल्यावर सगळे म्हणायला लागले की काँझर्वेटिव्ह कोसळले, पण निकाल काढून बघा: त्यांना ४१.३ टक्के मिळाले, म्हणजे जानेवारीच्या पोलपेक्षा थोडेच कमी आणि २०२१ च्या ३३.७ पेक्षा कितीतरी जास्त. मग लिबरल ४३.८ वर कसे गेले? एनडीपी हा डावीकडचा छोटा पक्ष २०२१ ला १७.८ टक्के होता तो ६.३ वर आला. ट्रम्पचे टॅरिफ आणि कॅनडाला अमेरिकेचं ५१ वं राज्य करण्याच्या गोष्टी ऐकून एनडीपीची ही मंडळी घाबरून एका जागी जमा झाली, त्यात ट्रूडो गेले, शिवाय कार्नींनी शपथ घेतली त्याच दिवशी ग्राहकांवरचा कार्बन टॅक्स शून्यावर आणायची सही केली, त्यामुळे काँझर्वेटिव्ह नेते पॉलिएव्ह यांचा सगळ्यात मोठा मुद्दाच निघून गेला. म्हणून पोल आला की सगळ्या पक्षांचे आकडे मागच्या निवडणुकीच्या निकालाशेजारी मांडा, तिसऱ्या चौथ्या पक्षाचे सुद्धा. भीतीने आलेलं मत आणि आवडीने आलेलं मत आकड्यात सारखंच दिसतं, पण भीती ओसरली की पहिलं परत जाऊ शकतं.

हे तपासायला पोलची पूर्ण पीडीएफ उघडा. कॅनडात पोल पहिल्यांदा छापताना तो कुणी करून घेतला, कुणी केला, कधी केला, किती लोकांना विचारलं हे सांगणं निवडणुकीच्या काळात कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे हे मिळतंच. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात तक्ते असतात, वर आडव्या ओळीत प्रांत, वय, बाई-पुरुष आणि त्याखाली त्या गटात किती माणसं होती तो आकडा. १००० जणांच्या पोलला साधारण ३ पॉइंट इकडेतिकडे धरायचे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातल्या अटलांटिक प्रांतांच्या (नोव्हा स्कोशिया वगैरे पूर्वेकडचे छोटे प्रांत) रकान्यात ७० च्या आसपास माणसं असतात आणि तिथे चूक १२ पॉइंटपर्यंत जाऊ शकते. "नोव्हा स्कोशियाकडे पारडं फिरलं" अशी बातमी अशा ७० जणांवर बेतलेली असेल तर सोडून द्या. त्याच तक्त्यात पुढे "मत नक्की आहे का बदलू शकतं" हा प्रश्न असतो, तो मात्र नीट वाचा, नव्या नेत्याकडे आलेल्यांतले किती नक्की म्हणतात ते तिथे कळतं.

टेलिफोनवरचा पोल, रेकॉर्डेड आवाजाचा पोल आणि ऑनलाइन पॅनेल यांची आपसात तुलना करू नका. लेजर या पोल कंपनीचा आजचा आकडा लेजरच्याच मागच्या आकड्याशी लावा.

टक्के आणि जागा हा वेगळाच विषय. २०१९ आणि २०२१ ला काँझर्वेटिव्हना देशभरात मतं लिबरलपेक्षा जास्त पडली आणि जागा कमी मिळाल्या, कारण अल्बर्टा सस्कॅचवानमध्ये त्यांच्या मतांचा ढीग लागतो आणि ढिगाने पडलं तरी जागा एकच. २०२५ ला ३४३ पैकी लिबरलना १६९ मिळाल्या, बहुमताला १७२ लागतात, म्हणजे पुढे राहूनही तीन कमी. आणि स्वतः पॉलिएव्ह आपल्या कार्लटनच्या जागेवर हरले, हे देशाच्या टक्क्यात कुठे दिसणार. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला ३५० च्या वर देत होते, आले २९३. म्हणून टक्के पोलमधून घ्या, जागांच्या अंदाजावर मात्र जरा कमीच भरवसा ठेवा.

नव्या नेत्याचे सुरुवातीचे दिवस चांगले जातातच हेही लक्षात असू द्या. कॅनडातच किम कॅम्पबेल जून १९९३ मध्ये पंतप्रधान झाल्या, उन्हाळ्यात लोकांना खूप आवडत होत्या आणि २५ ऑक्टोबरला त्यांच्या पक्षाच्या फक्त २ जागा आल्या. ब्रिटनमध्ये गॉर्डन ब्राउन २००७ च्या जूनमध्ये आले, पोलमध्ये पुढे गेले, लवकर निवडणुकीची हवा झाली, ऑक्टोबरात त्यांनी ती घेतलीच नाही आणि २०१० ला सत्ता गेली. कार्नींनी शपथेनंतर नऊ दिवसांत निवडणूक लावली. म्हणून पोल बघताना नेता येऊन किती दिवस झाले आणि मतदानाला किती राहिले हे दोन आकडे शेजारी लिहा. महाराष्ट्रात तर लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांना २३०, एवढ्या वेळात सगळं फिरतं.

आणि शेजारीपाजारी, ऑफिसात विचारायचं असेल तर "कोण जिंकणार" विचारू नका, लोक टीव्हीवर ऐकलेलंच सांगतात. "मागच्या वेळी कुणाला दिलं होतं, या वेळी तेच का" असं विचारा, आणि बदललं असेल तर कशामुळे ते शांतपणे ऐकून घ्या, मध्ये आपलं मत घालू नका. उत्तरात नव्या नेत्याचं नाव येतं का जुना गेल्याचं समाधान येतं, यावरून बरंच कळतं. जे नागरिक नाहीत, नुसते पीआरवर (कायम राहण्याच्या परवान्यावर) आहेत, त्यांची मतं कितीही ठाम असली तरी हिशोबात धरू नका, त्यांना इथे कॅनडात मतदान नाही, आणि आपल्या ग्रुपांत अशी माणसं भरपूर असतात.

शेवटच्या आठवड्यात पोलमध्ये "मत देऊन आलोय" म्हणणाऱ्यांचा वेगळा रकाना येतो का बघा. २०२५ ला ईस्टरच्या चार दिवसांत ७० लाखांच्या वर लोकांनी आधीच मतदान केलं होतं. त्यानंतर आलेल्या बातमीने त्यांचं मत बदलणार नव्हतं, तेव्हा त्या रकान्यात कोण पुढे आहे ते आधी बघा आणि मगच उरलेल्यांकडे वळा.