पाण्याची बाटली आणि कलम २१

कारखान्याच्या सांडपाण्याने विहिरी बिघडलेल्या गावात मी काम सुरू केले, तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की निम्मी लढाई जिंकली, असा माझा पक्का समज होता. वर्गणी काढून आम्ही तीन विहिरींचे आणि ओढ्याचे पाणी बाटल्यांत भरले, खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि अहवाल घेऊन सुनावणीला गेलो. समोरच्या वकिलांनी एवढेच विचारले की, हे नमुने कोणी, कोणासमोर आणि नेमके कुठून घेतले? त्याची कोणतीही नोंद आमच्यापाशी नव्हती. मोलमजुरीच्या पैशांतून वर्गणी देणाऱ्या बायकांना परतल्यावर काय सांगावे, हे मला त्या रात्री सुचले नाही.

म्हणून १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २१ आधी वाचावे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला तिथेच नोटीस द्यायची असते, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे असतात आणि ते मोहोरबंद करून त्यांवर सह्या घ्यायच्या असतात. ही पद्धत पाळली नाही, तर त्या तपासणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून ग्राह्य ठरत नाही. मंडळाच्या नमुन्याची ही गत, तर आपल्या बाटलीची काय कथा?

याचा अर्थ आपला नमुना फुकट जातो, असा मुळीच नाही. त्याचे काम मंडळाला गावात यायला भाग पाडण्याचे आहे. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्याव्यात, कारण जड धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते, तर बीओडीचा (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू लागतो, याच्या मापाचा) नमुना बर्फात ठेवून लवकर पोहोचवावा लागतो. गट क्रमांक, वेळ, विहिरीची खोली आणि पंचांच्या सह्या जागेवरच लिहून घ्याव्यात. कारखान्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीचा नमुनाही त्याच दिवशी घ्यावा, कारण तुलनेवाचून बिघाड कारखान्यामुळेच झाला, हे दाखवता येत नाही. मंडळाच्या पाहणीनंतर त्यांचा अहवाल आणि कारखान्याचे संमतीपत्र, म्हणजे सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाने अटींसह दिलेली परवानगी, माहितीच्या अधिकारात मागून दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.

आधी पत्रकार परिषद घेण्याचा सल्ला अनुभवी मंडळी देतात. मला तो साफ नामंजूर आहे. बातमी छापून आली की नाला धुतला जातो आणि अधिकाऱ्यांना स्वच्छ पाणी सापडते. शहरातल्या नामांकित मार्गदर्शकापेक्षा नोंदी चोख ठेवणारा गावच्या शाळेतला विज्ञानाचा शिक्षक मला अधिक मोलाचा वाटतो.

मुदतीबाबत गाफील राहू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात पर्यावरणविषयक वादासाठी अर्ज करायला, वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने मिळतात. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. मात्र भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, तेव्हा उशीर झाला म्हणून सारे संपले, असे गावाला सांगू नये.

राजस्थानातील बिछडी गावाच्या विहिरी एच-आम्ल हे रंग बनवण्यासाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या कारखान्यांनी नासवल्या. १९८९ मध्ये याचिका झाली, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा असा निकाल दिला, तरी वसुलीचा वाद २०११ पर्यंत चालला. एवढा काळ गाव एकत्र राहायचे, तर ज्या घरातले माणूस त्याच कारखान्यात कामाला आहे, त्या घराकडे तक्रारीवरच्या सहीचा आग्रह धरू नये.