पक्षी दिसत नाही? कान लावा
बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या घरामागे पिंपळ आहे. उन्हाळ्यात दिवसभर तिथून टुक-टुक-टुक चालू असतं, पक्षी मात्र काही केल्या दिसत नाही. तो तांबट. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, म्हणून पानांत गुडूप. त्यात ओरडताना मान इकडे-तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय तेच कळत नाही. तेव्हा आवाजामागे धावू नका. सकाळी शेंड्याच्या निष्पर्ण फांद्या बघा, ऊन खायला तो तिथे बसतो. चोच मिटलेली, गळा मात्र फुगतोय, असं दिसलं की समजा सापडला.

ऐकलेला आवाज लगेच आपल्याच अक्षरांत लिहून ठेवा. कुंपणातून खणखणीत टुविट-टुविट म्हणजे शिंपी (एवढ्याशा जिवाचा केवढा तो आवाज!). खोल, घुमणारं हूप-हूप म्हणजे भारद्वाज. कुहू-कुहू करणारा कोकिळेचा काळा नर असतो. मादी नुसती किक-किक-किक करते.

मोबाइलवर आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप मदत करतं, पण पहाटे, रस्त्यावर स्कूटर सुरू व्हायच्या आत. पक्ष्याला बाहेर काढायला रेकॉर्डिंग मात्र वाजवू नका, घरट्यांच्या दिवसांत तर नाहीच.