दुर्मीळ आडनावाचं मूळ कसं शोधावं

‘-कर’ लागलेलं आडनाव त्या नावाच्या गावात सहसा सापडत नाही. किहीम गावात सगळेच तिथले, मग एखाद्यालाच किहीमकर म्हणून वेगळं ओळखायचं कशाला? हे आडनाव चिकटतं ते गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर. त्यामुळे दुर्मीळ आडनावाचा माग काढताना दोन ठिकाणं शोधायची असतात. एक जिथून निघाले ते गाव, आणि दुसरं जिथं पोचल्यावर लोक त्यांना त्या गावाच्या नावानं हाक मारू लागले ते. बहुतेक जण पहिल्याच्या मागे लागतात आणि हात हलवत परततात, कारण गावात विचारलं तर ‘या आडनावाचं इथं कोणीच नाही’ असंच उत्तर मिळतं. तिथं खरं तर शोध संपत नाही, सुरू होतो.

आधी घरात विचारा

आजोबा-काकांपेक्षा आत्यांना आणि आजीच्या वयाच्या बायकांना आधी गाठा. लग्नकार्यात कोणाकोणाला पहिलं बोलावणं जायचं, हे त्यांना नेमकं आठवत असतं. कुलदैवत कुठलं, जत्रेला कुठं जात, देवक काय, हे विचाराच. पण सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे, ‘आपल्याला सुतक कोणाकोणाचं येतं?’ दुसरंच आडनाव लावणाऱ्या एखाद्या घराचं सुतक तुमच्याकडे धरत असतील, तर ते भाऊबंद आहेत आणि दोघांचं आधीचं आडनाव एकच असण्याची दाट शक्यता आहे.

मग माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. हंड्याच्या गळ्याशी किंवा परातीच्या काठावर ठिपके ठोकून घातलेलं नाव असतं. कधी गावही असतं, कधी साल असतं. चिंचेनं घासून उजेडात तिरपं धरलं की अक्षरं उठून दिसतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यात मास्तरांनी आपल्या मनानं शुद्धलेखन केलेलं असू शकतं, भांड्यावर मात्र घरात बोलायचे तसंच उतरलेलं असतं. ही सगळी रूपं एका वहीत उतरवा, चुकीची वाटणारीसुद्धा.

आडनाव कोणत्या जातकुळीचं आहे ते ठरवा

गावावरून आलेलं, हुद्द्यावरून आलेलं आणि टोपणनावावरून आलेलं, असे ढोबळ तीन प्रकार. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. अशा आडनावामागे बहुतेक वेळा आणखी जुनं आडनाव दडलेलं असतं. नाना फडणवीसांचं घराणं भानू, पेशव्यांचं भट. आडनाव दोन-तीन पिढ्यांतही बदलतं. मास्टर दीनानाथांचं घराणं मूळचं हर्डीकर, मंगेशीच्या देवळातल्या अभिषेकाच्या सेवेवरून अभिषेकी, आणि दीनानाथांनी लावलं मंगेशकर. टोपणनावांच्या बाबतीत मात्र जपून. गोडबोले कसं आलं हे ऐकताच कळतं, पण प्रत्येक विचित्र आडनावाला एक सुरस कथा जोडलेली असते आणि तिला कागदाचा आधार क्वचितच असतो.

एक उदाहरण: केहिमकर

रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू समाजाची आडनावं या शोधासाठी फार उपयोगी आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. पुढे ते गावोगाव पांगले. तेल गाळायचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमचे ते केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, अष्टमीचे अष्टमकर, तळ्याचे तळकर. अशी शंभरावर आडनावं आहेत.

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा माणूस, मराठी वळणाचं नाव समाजी हसाजी दिवेकर. किहीमवरून आडनाव आलेल्या हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत १८७५ मध्ये समाजासाठी शाळा सुरू केली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. दोघांच्याही आडनावात कोकणातलं गाव आहे आणि दोघांचंही कर्तृत्व मुंबईतलं.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट मनात पक्की करावी. दिवेकर हिंदूंमध्येही आहेत. गाव एकच, दिवेआगर, पण घराण्यांचा रक्ताचा संबंध नाही. आडनाव सारखं दिसलं म्हणून वंशावळ जोडून टाकू नका. आडनावावरून जात आणि धर्म ओळखायची आपली सवय तर इथं साफ उघडी पडते, आणि ते बरंच आहे.

गाव निश्चित करा

वडगावकर किंवा पिंपळगावकर असाल तर काम अवघड, त्या नावांची गावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. दुर्मीळ आडनावाचा फायदा हा की त्या नावाची गावं एक-दोनच निघतात. जनगणनेची गावांची यादी आणि इंग्रजी अमदानीतली जिल्हा गॅझेटियरं शेजारी ठेवा. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३ चं, रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं. ती राज्य सरकारच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. गावाचं जुनं नाव आणि तिथं तेव्हा कोण राहत होतं, हे त्यात सापडतं. मग घरातून मिळालेलं कुलदैवत त्या टापूतलं आहे का, ते ताडून बघा.

कागद

सातबारा आजचा, म्हणून त्यावर थांबू नका. जुने फेरफार मागा. वारस नोंदीच्या फेरफारात बाप, मुलं, विधवा सगळे एका ठिकाणी येतात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद आता ऑनलाइन दिसतात, उरलेल्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे हा शब्द घरोघरी पोचला आहे. ज्यू आणि ख्रिस्ती घराण्यांनी दफनभूमीतले शिलालेख आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या आधी बघाव्यात. कोकणातल्या ज्यू थडग्यांवर हिब्रूसोबत मराठीही असते.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या नोंदी असतात. तिथं गेल्यावर आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सांगा, कारण वह्या बऱ्याचदा गावावर लावलेल्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येत असतील तर त्यांना आदरानं बसवून घ्या. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी ही माणसं आहेत, आणि त्यांच्याइतकी माहिती कुठल्या कार्यालयात मिळेलच असं नाही.

वतनदार घराणं असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर, आणि १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. वतनाच्या भांडणात पक्षकार आपल्या पिढ्या सांगत, म्हणून महजर (निवाड्याचे कागद) आणि करीने (पक्षकारांनी मांडलेल्या हकिकती) वंशावळीनं भरलेले असतात. इथला बराच मजकूर मोडी लिपीत. लिप्यंतर करणारा माणूस शोधा, पण आपलं आडनाव मोडीत कसं दिसतं एवढं तरी स्वतः शिकून घ्या, म्हणजे पानं चाळताना नजर अडते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, त्यामुळे किहिम-किहीमवरून वाद घालू नका.

किती जण हे आडनाव लावतात

आपली जनगणना आडनावांचे आकडे जाहीर करत नाही. जगभरची आडनावं मोजणारी संकेतस्थळं अंदाज देतात, तेही रोमन लिपीवरून. तिथं वाडकर आणि वडकर एकच होतात, उलट एकाच केहिमकरचे दोन-तीन निरनिराळे झालेले दिसतात. त्यापेक्षा मराठी मतदार याद्या गावानुसार बघाव्यात. मूळ गावाच्या भोवतालची गावं, जवळची बाजारपेठ, मग मुंबई-पुणे, असं बाहेर सरकत जा. बेने इस्राएल आडनावांना हेही पुरत नाही, कारण १९४८ नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले, आणि केहिमकर किंवा रोहेकर शोधायचे तर हिब्रूत नाव कसं लिहितात ते माहीत हवं. त्यासाठी अलिबाग, पेण किंवा ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या जुन्या मंडळींना विचारून बघा, तिकडे गेलेल्या नातलगांचे पत्ते त्यांच्याकडून मिळू शकतात.