पासवर्ड बदलण्याआधी लॉग वाचा

मी कुडाळात बसून वेंगुर्ल्यातल्या एका काजू कारखान्याचा विंडोज सर्व्हर सांभाळतो; त्यात रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या पीसीवरून नेटवर्कने, शिरायचं असतं. पावसात वीज जाऊन आली की हिशोब बघणाऱ्या काकींचा फोन ठरलेला: "अरे, पासवर्ड बरोबर आसा, तरी घेणा नाय!" पूर्वी मी लगेच पासवर्ड रिसेट करून द्यायचो. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

आता आधी एवढंच विचारतो, स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलंय? 'कनेक्ट होता येत नाही' असं असेल तर पासवर्डचा काही संबंध नाही. पॉवरशेलमध्ये (विंडोजला कमांड द्यायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं दार) देऊन चालवा. उत्तर फॉल्स आलं तर नेटवर्क, व्हीपीएन (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट), फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी) बघा, नाहीतर सर्व्हर अजून चालूच झालेला नसेल.

लॉगिन नाकारलं असेल तर कीबोर्ड बघा. काकी मालाच्या पावत्या मराठीत टाइप करतात आणि कीबोर्ड मराठीतच राहून जातो. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात, मग कळणार कसं? विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी करायचं. निम्मे फोन इथेच मिटतात.

तरीही अडलं तर सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा (मी माझ्या अ‍ॅडमिन खात्याने शिरतो, नाहीतर तिथल्या पोराला स्क्रीनसमोर बसवतो). सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ नंबरच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी गाळून घ्या. त्यात 'सब स्टेटस' म्हणून लांबलचक कोड असतो, त्याची फक्त शेपटी वाचायची. ६ए म्हणजे पासवर्ड चुकीचा, ६४ म्हणजे त्या नावाचं खातंच नाही, ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ७२ म्हणजे खातं बंद केलंय, २३४ म्हणजे पासवर्ड खूपदा चुकल्याने खातं लॉक झालंय. नोंदच नसेल तर तुमची विनंती सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही, किंवा ऑडिट (अशा नोंदी ठेवणं) बंद आहे.

२३४ दिसलं की लॉक उघडून देण्याची घाई करू नका. डोमेन कंट्रोलरवर (सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर) ४७४० ची, म्हणजे खातं लॉक झाल्याची, नोंद बघा, तिथे 'कॉलर कम्प्युटर नेम', म्हणजे चुकीचा पासवर्ड देणाऱ्या पीसीचं नाव, असतं. आमच्याकडे ते गोदामातल्या जुन्या पीसीचं निघालं. कुणीतरी तिथे काकींचा जुना पासवर्ड सेव्ह करून ठेवला होता आणि तो पीसी दिवसभर तोच पासवर्ड सर्व्हरला देत होता. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोजची पासवर्ड साठवायची जागा) तो काढला नि फोन थांबले. ४६२५ च्या नोंदींत अनोळखी बाहेरचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) आणि 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशी नावं रांगेने दिसली तर मात्र ३३८९ इंटरनेटला उघडा आहे. तो त्याच दिवशी बंद करून व्हीपीएन लावा.

पासवर्ड बरोबर पण परवानगी नाही असं आलं तर 'रिमोट डेस्कटॉप यूजर्स' गटात नाव घाला. रिमोट डेस्कटॉपच्या वेगळ्या परवान्याशिवाय एकावेळी दोनच सेशन चालतात, तीही अ‍ॅडमिनच्या कामापुरती, हेही विसरू नका.

गेल्या पावसात वेगळीच गंमत झाली. सर्व्हरच्या नावाने लॉगिन होईना, आयपी टाकला की सरळ आत. डोमेनमध्ये नावाने जाताना कर्बेरॉस (ओळख पटवायची पद्धत) वापरलं जातं आणि त्याला दोन्हीकडच्या घड्याळांत, मूळ सेटिंग असेल तर, ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. आयपीने जाताना ती तपासणीच टळते. काकींना म्हटलं, "काकीनू, सर्व्हरच्या स्क्रीनवर तारीख काय दिसता?" कित्येक वर्षं मागची निघाली. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागे. नवा सेल बाजारातल्या घड्याळजीकडेच मिळाला.