ढोलीजवळ न जाता पोपटांची वीण कशी पाहावी

कोल्हापुरात रानातील पोपट पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. टाउन हॉलच्या बागेतील किंवा शिवाजी विद्यापीठाच्या आवारातील जुनी झाडे सुरुवातीला पुरेशी आहेत. शहरात नेहमी दिसतो तो कंठवाला पोपट. गुलाबी कंठ फक्त प्रौढ नराला असतो आणि तो उमटायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून कंठ नसलेला प्रत्येक पक्षी मादीच आहे असे नोंदवहीत लिहू नये.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर जावे. हे पोपट काटक्यांचे घरटे बांधत नाहीत. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने सोडलेली ढोली चोचीने रुंद करून घेतात, किंवा जुन्या भिंतीतील भोक निवडतात. त्यामुळे वाळलेल्या फांद्यांवर नजर ठेवावी. (अशा फांद्या निरुपयोगी म्हणून सरसकट तोडल्या जातात, याचे फार वाईट वाटते.) एकाच भोकाभोवती जोडी वारंवार घुटमळत असेल आणि साळुंक्यांना हुसकावत असेल, तर ती जागा हेरून किमान वीस-पंचवीस पावले मागे बसावे.

यापुढचे सारे नराच्या वागण्यावरून कळते. प्रियाराधनात तो मादीसमोर ताठ उभा राहून एक पाय उचलतो आणि पोटातले अन्न वर आणून तिला चोचीने भरवतो. पुढे मादी दिवसभर दिसेनाशी झाली, नर जवळच्या फांदीवर येऊन हाक देऊ लागला आणि ती क्षणभर बाहेर येऊन, घास घेऊन परत आत शिरू लागली, की अंडी उबवणे सुरू आहे असे समजावे. साधारण तीन ते पाच अंडी असतात आणि उबवणीला सुमारे तीन आठवडे लागतात. या काळात फांदी हलवणे, भोकात मोबाइलचा उजेड पाडणे किंवा शिडी लावणे कटाक्षाने टाळावे, कारण घाबरलेली मादी अंडी सोडून जाऊ शकते.

नंतर दोघेही खेपा घालू लागले, म्हणजे पिल्ले आली. ती सहा-सात आठवड्यांनी उडतात. ढोलीतून पिल्लू काढणे, विकणे किंवा पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. तसा प्रकार आढळल्यास वन विभागाला लगेच कळवावे.

वीण आटोपल्यावर निरीक्षणाची वेळ बदलून सायंकाळची करावी, कारण तेव्हा ही कुटुंबे मोठ्या थव्यांत मिसळून एकाच रातथाऱ्यावर उतरतात.