एअर रायफलचा दस्ता लेकीच्या मापाचा केला

क्लबची जुनी, लाकडी दस्त्याची एअर रायफल माझ्या १२ वर्षांच्या लेकीला लांबच पडायची. १० मीटरवर दहा-पंधरा पेलेट मारले की "बाबा, मान दुखते" सुरू.

आधी रायफल रिकामी आहे ना, ते पाहिलं. मग तिचं कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक दंडाला टेकवलं. बोट ट्रिगरच्या दोन सेंटिमीटर अलीकडेच. लाकूड कापायचा प्रश्नच नव्हता, रायफल आपली थोडीच! बटप्लेटमागे (दस्त्याच्या टोकाचा, खांद्याला टेकणारा तुकडा) एकेक सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या होत्या, त्या काढल्या. तर मूळ स्क्रू लांब पडले; आखूड स्क्रूसाठी हार्डवेअरच्या दुकानात दोन खेपा.

दस्त्यावर गाल टेकतो, तिथलं काम खरं किचकट. डोळे मिटून रायफल धरायची; उघडल्यावर मागच्या साइटच्या (नेम धरायच्या) भोकात डोळा मधोमध हवा. तिचा खालीच राहायचा. ६ मिलिमीटर फोम दुहेरी टेपने चिकटवला, किंचित कमी पडला. ९ केला तर डोळा वर. शेवटी ६ वरच जुन्या पर्सचं चामडं चढवलं. स्पर्धेत रायफलची वजनमर्यादा ५.५ किलो, त्यामुळे फोम-चामड्याच्या वजनाची चिंता नाही. घामाने टेप मात्र सुटते, दर महिन्याला बदलतो.